नावातलं ‘हॅम’: घर, नदीचा वळसा की भलतंच काही? इंग्लंडमधल्या गावाच्या नावाचा अर्थ कसा लावावा

बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, बकिंगहॅम, ट्विकनहॅम, डरहॅम, ओल्डहॅम. शेवट सगळ्यांचा सारखा, आणि ‘हॅम म्हणजे जुन्या इंग्रजीत घर’ एवढं एकदा वाचलं की सगळ्यांचा अर्थ लागला असं वाटतं. प्रत्यक्षात या सहांपैकी ‘घर’ फक्त पहिल्या दोन नावांत आहे. बकिंगहॅम आणि ट्विकनहॅम ही पाण्याने वेढलेल्या जमिनीची नावं, तर डरहॅम आणि ओल्डहॅममध्ये ‘हॅम’ मुळात नव्हतंच. कोणत्या नावात काय आहे हे ठरवायची पद्धत ठरलेली आहे आणि घरबसल्या जमण्यासारखी आहे. त्यासाठी नावाची सर्वांत जुनी लेखी रूपं, जुना नकाशा आणि थोडा धीर लागतो. एका नावाला एक संध्याकाळ पुरते.

आधी मूळ शब्द नीट ओळखा

आजच्या ‘होम’चं जुन्या इंग्रजीतलं, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातलं रूप ‘हाम’. ‘आ’ दीर्घ. त्याच काळात दुसराही एक शब्द होता: ‘हम्म’. त्यात ‘अ’ ऱ्हस्व आणि ‘म’ दुहेरी. आजच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही ‘एच-ए-एम’ झाले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर दोन्ही स्पष्ट दिसतात, म्हणून टिपणं देवनागरीतच ठेवा: एकीकडे हाम, दुसरीकडे हम्म. या लेखातही तसंच लिहिलं आहे.

हामचा अर्थ आजच्या ‘घर’पेक्षा ऐसपैस होता. वस्ती, गाव, शेतीवाडीसकट जमीनजुमला आणि राहतं घर, असं सगळं त्यात येई. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक भाषेत (इंग्रजी-जर्मनच्याच कुळातली जुनी भाषा) आणलं, तेव्हा ‘गाव’ या अर्थाच्या ग्रीक शब्दासाठी त्याने याच कुळातला ‘हैम्स’ वापरला. जर्मनचा ‘हाइम’ (मानहाइम), नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा शेवट, स्वीडिश ‘हेम’ ही सगळी भावंडं. जुन्या नॉर्समधला (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ‘हेइम्र’ तर थेट ‘जग’ या अर्थाला पोचला. तेव्हा गावाच्या नावातल्या हामचं भाषांतर करताना ‘वस्ती’ म्हणा. बर्मिंगहॅम म्हणजे ‘बेओर्माच्या लोकांचं घर’ हे ऐकायला गोड वाटतं, पण अर्थ आहे ‘बेओर्माच्या लोकांची वस्ती’.

हामचा ‘होम’ झाला तो नियमाने. साधारण 1200च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागात दीर्घ ‘आ’ ‘ओ’कडे सरकला: स्टानचा स्टोन, बानचा बोन, आकचा ओक, रापचा रोप, गातचा गोट. उत्तरेत हा बदल झालाच नाही, म्हणून स्कॉट लोक अजून ‘हेम’ आणि ‘स्टेन’ म्हणतात. मग गावांच्या नावात ‘होम’ का नाही? नावाच्या शेवटी आलेल्या हामवर आघात पडत नाही, त्यामुळे त्याचा ‘आ’ आधीच आखडून ऱ्हस्व झाला आणि ‘ओ’कडे जाणारी गाडी चुकली. स्टॅनफर्ड म्हणजे ‘दगडी उतार’ (नदी पायी ओलांडायची जागा). सुटा शब्द स्टोन झाला, पण जोडनावात ‘स्टॅन’च राहिला, तोच हा प्रकार.

या शब्दाची एक खूण रोजच्या इंग्रजीतही टिकून आहे, आणि मराठी माणसाला ती चटकन कळते. ‘गो टु स्कूल’ म्हणतात, पण ‘गो होम’; तिथे ‘टु’ चालत नाही. कारण जुन्या इंग्रजीत जाण्याच्या क्रियापदाबरोबर हाम द्वितीयेत येई आणि शब्दयोगी अव्ययाची गरज नसे. संस्कृतातलं ‘गृहं गच्छति’ अगदी याच घडणीचं. मराठीत आपण ‘शाळेत जातो’, ‘बाजारात जातो’, पण ‘घरी जातो’. ‘घरी’ हे जुन्या सप्तमीचं उरलेलं रूप. विभक्ती वेगळी, पण दोन्ही भाषांत जुनं व्याकरण घराच्या शब्दातच टिकलं.

पहिली पायरी: जुनी रूपं गोळा करा

आजच्या स्पेलिंगवरून निष्कर्ष काढू नका. पुष्कळ चुका इथेच होतात.

सुरुवात 1086च्या ‘डोम्सडे’पासून, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीपासून करा. ‘ओपन डोम्सडे’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की मूळ पानाचं छायाचित्र मिळतं. पानाचा मथळा आजच्या नावाने असतो. आपल्याला हवं ते रूप छायाचित्रातल्या लॅटिन मजकुरात शोधायचं. बर्मिंगहॅम तिथे ‘बेर्मिंगेहाम’ आहे, आणि वार्षिक मोल 20 शिलिंग. पण डोम्सडेवर एकट्यावर विसंबू नका. लिहिणारे कारकून 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांच्या दरबाराचे. इंग्रजी नावं ते कानाने ऐकून लिहीत, आणि दुहेरी ‘म’ एकेरी करणं त्यांच्या हाताला सवयीचं होतं. शिवाय डरहॅम, नॉर्थम्बरलंड हे उत्तरेकडचे भाग आणि खुद्द लंडन शहर त्या नोंदवहीत नाहीतच.

म्हणून आणखी मागे, सनदांकडे जा. राजाने मठाला किंवा सरदाराला जमीन दिली की सनद होई, आणि तिच्यात सीमा सांगताना गावांची नावं येत. या सनदांना ‘सॉयर क्रमांक’ असतो आणि त्यांची सूची संगणकावर खुली आहे. इथे एक पथ्य कसोशीने पाळा: प्रत्येक रूपापुढे दोन तारखा लिहा, सनदेची आणि हाती असलेल्या प्रतीची. पुष्कळ सनदा आठव्या शतकाच्या म्हणवतात, पण प्रत बाराव्या-तेराव्या शतकातल्या मठाच्या वहीतली असते आणि नकलाकाराने नावं आपल्या काळाप्रमाणे ‘सुधारलेली’ असतात. काही तर सपशेल बनावट असतात. ताम्रपट हाती आला की तो खरा की मागाहून कोरलेला हे आधी बघतात, तसंच इथेही करा.

तिसरं साधन इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे खंड. ही संस्था 1923 साली स्थापन झाली आणि तिने परगण्यांनुसार नावांची जुनी रूपं सालांसकट छापली. सगळे परगणे अजून पूर्ण झालेले नाहीत, पण आपला परगणा झालेला असेल तर अर्धं काम झालंच म्हणून समजा. नॉटिंगहॅम विद्यापीठाची ‘की टू इंग्लिश प्लेस-नेम्स’ ही नकाशावजा सूची झटपट उत्तरासाठी चांगली आहे. ती निष्कर्ष सांगते. पुरावा खंडांतच बघावा लागतो. सुट्या शब्दांच्या अर्थासाठी बॉसवर्थ-टोलर हा जुन्या इंग्रजीचा कोश मोफत पाहता येतो.

दुसरी पायरी: शेवटची अक्षरं वाचा

चार-पाच रूपं सालवार एकाखाली एक मांडली की शेवट बोलायला लागतो.

‘हम्म’, ‘हम्मे’, ‘होम्मे’, ‘होम’ असे शेवट दिसले तर ते हम्म. यात ‘ओ’ फार मोलाचा. जुन्या इंग्रजीत ‘म’ किंवा ‘न’च्या आधीचा ऱ्हस्व ‘अ’ हेलकावे खाई: ‘हम्म’ही लिहीत आणि ‘होम्म’ही. दीर्घ ‘आ’ मात्र 1200च्या आसपासपर्यंत जागेवर होता. म्हणून 1066पूर्वीच्या अस्सल प्रतीत ‘होम’ दिसलं तर तो आजचा ‘होम’ नव्हे, उलट घर नसल्याचीच ती खूण! नवशिके नेमके याच ठिकाणी उलटा अर्थ घेतात. ट्विकनहॅम 704 सालच्या सनदेत ‘तुइकान होम’ असं आहे, तो हम्म.

नुसतं एकेरी ‘हाम’ म्हणजे एच-ए-एम दिसलं तर काहीच ठरत नाही, दोन्ही शक्य. जुन्या लेखनात स्वराचं दीर्घत्व सहसा दाखवत नसत. क्वचित कोणी एच-ए-एममधला ‘ए’ दोनदा लिहून दाखवलं तर ती लॉटरीच. पूर्व लंडनमधल्या डॅगनमच्या सातव्या शतकातल्या रूपात असे दोन ‘ए’ आहेत, म्हणून तो निःशंक हाम.

‘होल्म’, ‘हुल्म’, ‘एल्म’ दिसलं तर नॉर्स ‘होल्म्र’, म्हणजे बेट किंवा पाणथळीतली कोरडी जागा. ओल्डहॅम तेराव्या शतकात ‘आल्डहोल्म’ होतं.

आणि शेवटी ‘-उम’ असेल तर तो शब्दच नाही, चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. उत्तर इंग्लंडमधलं न्यूशम म्हणजे ‘नव्या घरांपाशी’. त्यातलं घर ‘हूस’ या शब्दाचं, ‘न्यूस’च्या ‘स’मध्ये दडलेलं, शेवटचा ‘हॅम’सारखा दिसणारा भाग नुसता प्रत्यय. उत्तरेतल्या प्रत्येक ‘-हॅम’बाबत ही शंका आधी फेडून घ्या.

तिसरी पायरी: नकाशा

हम्म म्हणजे काय, हे शब्दापेक्षा जमीन बघून कळतं. नदीच्या वळशात तीन बाजूंनी वेढलेली जमीन, दोन ओढ्यांमधली जिभेसारखी पट्टी, दलदलीतला कोरडा उंचवटा, नदीकाठचं कुरण. कधीकधी रानाच्या कडेला कुंपण घालून काढलेलं शेतही. शिंपी कपड्याची कड दुमडून हेमिंग करतो ना, त्या ‘हेम’शी या शब्दाचं नातं मानतात: कडेने घेरलेलं ते हम्म.

आजचा नकाशा पुरत नाही, कारण नद्या सरळ केल्या गेल्या आणि दलदली बुजवल्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्वेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) सहा इंची, म्हणजे मैलाला सहा इंच दाखवणारे नकाशे, इंग्लंडचेसुद्धा, संगणकावर मोफत ठेवले आहेत. ते घ्या. गावाचा मध्य म्हणून आजचं रेल्वे स्टेशन किंवा बाजारपेठ धरू नका. जुनं पॅरिश चर्च शोधा, मूळ वस्ती बहुधा त्याच्याभोवती असते. मग बघा: चर्चच्या किती बाजूंना पाणी आहे? जमीन सखल आणि सपाट आहे का? चर्च उंच माळावर असेल आणि जवळ पाणी नसेल तर हम्मची शक्यता खूप कमी होते. जवळून सरळसोट रोमन रस्ता जात असेल तर हामच्या बाजूने वजन पडतं. दक्षिण लंडनमधलं स्ट्रेटम तर नावातच सांगतं: ‘स्ट्रेट’ म्हणजे फरसबंद रस्ता, अर्थात रोमन रस्त्यावरची वस्ती.

पण नकाशा एकटाही दगा देतो, आणि त्याचं डरहॅमइतकं चांगलं उदाहरण नाही. कॅथीड्रल उभं आहे तो खडक वेअर नदीने तीन बाजूंनी असा घेरला आहे की बघताक्षणी ‘हम्म!’ म्हणावंसं वाटतं. जुनी रूपं मात्र ‘डुनहोल्म’: ‘डून’ म्हणजे टेकडी, ‘होल्म्र’ म्हणजे बेट. नॉर्मन जिभेवर ‘न’चा ‘र’ झाला आणि शेवट झिजून ‘हॅम’सारखा दिसू लागला. तिथले बिशप आजही सहीत ‘डुनेल्म’ लिहितात. आधी रूपं, मग नकाशा. हा क्रम बदलू नका.

चौथी पायरी: नावाचा पूर्वार्ध

पूर्वार्धात बहुधा माणसाचं नाव षष्ठीत असतं. ‘-अन’ किंवा ‘-एस’ हे षष्ठीचे प्रत्यय. टॉटनममध्ये ‘टॉट्टा’चा ‘न’ असाच आला. ‘-इंगा-’ असेल तर ‘अमक्याचे लोक’. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्माच्या लोकांची वस्ती. नॉटिंगहॅम ही स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांची: नवव्या शतकातल्या घटना सांगताना ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या बखरीत ‘स्नोटेंगाहाम’ येतं. सुरुवातीचा ‘स्न’ नॉर्मनांना पेलेना, म्हणून ‘स’ गळाला. शेजारच्या स्नेंटन या वस्तीत तोच माणूस आहे आणि तिथे ‘स’ शाबूत आहे. ही माणसं कोण होती, याबद्दल या नावांपलीकडे काहीही ठाऊक नाही. त्यांना राजे किंवा सेनापती करून कथा रचू नका.

‘-इंगा-’ आणि लोकांचा समूह असला की पुढे हाम येणं स्वाभाविक. तरी हा नियम नव्हे, कल आहे. बकिंगहॅमचं दहाव्या शतकातलं रूप ‘बुक्किंगाहम्मे’: बुक्काचे लोक आहेत, पण जमीन ग्रेट ऊझ नदीच्या वळशातली. दुहेरी ‘म’ आणि शेवटचा ‘ए’ दिसल्यावर वाद संपतो.

सगळं एकत्र करून एक नाव बघू. एव्हशम. 1037 सालचं रूप ‘एवेसहोम्मे’. 1086मध्ये डोम्सडेत ‘एवेसहाम’. फक्त दुसरं पाहिलं तर ‘एओफ नावाच्या माणसाची वस्ती’ म्हणून मोकळे होऊ. पहिल्यात ‘ओ’ आणि दुहेरी ‘म’ दोन्ही आहेत. नकाशा उघडला तर एव्हन नदीने गावाला घातलेला वळसा इतका पुरता आहे की पाणी न ओलांडता फक्त उत्तरेकडूनच आत शिरता येतं. पूर्वार्ध ‘एओफ’, षष्ठीच्या ‘एस’सह. टिपणात लिहायचं: हम्म, निश्चित. उलट पश्चिम लंडनमधल्या फुलमचं आठव्या शतकातलं रूप ‘फुलनहाम’ असं एकेरी ‘म’चं. त्या रूपापुरतं स्पेलिंग गप्प आहे, पण गाव थेम्सच्या वळशात बसलंय. एवढंच हाती असेल तर लिहायचं: हम्म, बहुधा, आधार नकाशाचा. ‘निश्चित’ आणि ‘बहुधा’ यांतला फरक टिपणात राहिलाच पाहिजे, नाहीतर पुढचा वाचणारा अंदाजालाच पुरावा समजतो.

‘हॅम’ पुढे आलं तर

हॅम्पस्टेड म्हणजे हाम अधिक ‘स्टेडे’ (जागा): घरवस्तीची जागा, आजचा ‘होमस्टेड’. ‘प’ मुळात नाही. ‘हॅमस्टेड’ भरभर म्हणून बघा. ‘म’साठी मिटलेले ओठ उघडण्याआधीच नाकातली हवा थांबते आणि मध्ये ‘प’ उमटतो.

हॅम्प्टनचा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तिथे तीन वाटा एकत्र येतात. नॉर्थॅम्प्टन हे हाम-टून, म्हणजे मुख्य वाडी. साउथॅम्प्टन आणि हॅम्प्टन कोर्टचं हॅम्प्टन हे हम्म-टून, पाण्याने वेढलेली वाडी. वुल्व्हरहॅम्प्टन 985 साली नुसतं ‘हेआनटूने’ होतं, म्हणजे उंचावरची वाडी. ती जमीन मिळालेल्या वुल्फ्रून या बाईचं नाव पुढे जोडलं गेलं. त्यात हामही नाही आणि हम्मही नाही.

उच्चार आणि मराठी लेखन

इंग्लंडमध्ये या शेवटातला ‘ह’ उच्चारत नाहीत: बर्मिंगम, नॉटिंगम, क्लॅपम, बॅलम, फुलम. ‘स’नंतर ‘हॅम’ आलं तर एस आणि एच मिळून ‘श’ झाला: लुइशम, हॉर्शम, एव्हशम, ॲमर्शम. मूळ तोड ‘लुइस-हॅम’ अशी होती. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा ‘हॅम’ मात्र स्पष्ट उच्चारतात. मराठीत रुळलेली बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम ही रूपं बदलायची गरज नाही. कमी परिचित गावांना स्थानिक उच्चार द्यावा. केंटमधलं जिलिंगम आणि डॉर्सेटमधलं गिलिंगम यांचं स्पेलिंग एकच आहे, तेव्हा विचारूनच लिहा.

‘धाम’चा मोह टाळा

‘हॅम हे आपल्या धामवरून आलं’ हे मराठीत फार फिरतं. ध्वनी जुळतात, पण नियम जुळत नाहीत. जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, गॉथिक, नॉर्स यांच्या कुळातल्या) भाषांतल्या सुरुवातीच्या ‘ह’समोर संस्कृतात सहसा ‘श’ किंवा ‘क’ उभा असतो: हंड्रेड–शत, हॉर्न–शृंग, हाउंड–श्वान. संस्कृत ‘ध’समोर इंग्रजीत ‘ड’ येतो, म्हणून ‘धा’ धातूचे नातलग डू, डीड आणि डूम हे आहेत. ‘हर्म्य’लाही (वाडा) अशीच अडचण: संस्कृत ‘ह’समोर इंग्रजीत बहुधा ‘ग’ येतो, हंस–गूस.

खरं नातं कुठलं, याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक मत हामला ‘शेते’ (निजतो, पडतो) या क्रियापदाच्या मुळाशी नेतं. दुसरं ‘क्षेति’, म्हणजे ‘वस्ती करून राहतो’, या क्रियापदाच्या मुळाशी. त्याच ‘क्षि’वरून क्षेत्र, आणि क्षेत्रावरून आपलं शेत. आपल्या ‘घर’चं भावंड इंग्रजीत आहेच, पण ते होम नव्हे: गृह आणि ‘यार्ड’ एका मुळाचे मानले जातात, दोन्हींत कुंपणाने घेरलेली जागा. दुसरं मत धरलं तर घराचा जोडीदार अंगण ठरतो आणि होमचा जोडीदार शेत. टिपणात दोन्ही मतं लिहा, आणि ‘शेत’पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.